एका जर्मन सैनिकाचं पगारपुस्तक



दशलक्षण पर्व जवळ आलं की संग्रहाबद्दल कुणी ना कुणी विचारतंच. साड्या किती असाव्यात, भांडी किती, सोनं किती. या वर्षीचा प्रश्न जर्मनीतून आला आणि जरा वेगळा निघाला. माझ्या नणंदेचा मुलगा तिकडे नोकरीला आहे. तिथे रविवारी जुना बाजार भरतो. त्यात त्याने दुसऱ्या महायुद्धातल्या एका सैनिकाचं पातळसं पगारपुस्तक विकत घेतलं आणि त्याला नादच लागला. "मामी, हे घरात ठेवलं तर चालेल का?" असं त्याने विचारलं. त्याच्या आजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, फोटो बघून लगेच निकाल दिला, "मेलेल्याचे कागद, आणि वर ते चिन्ह. घरात नको." मला इतक्या झटकन सांगता येईना. म्हणून काही महिने या विषयावर मिळेल ते वाचत होते. ते आज लिहिते आहे.

पुस्तकात काय असतं

जर्मन भाषेत या पुस्तकाला 'सोल्डबुख' म्हणतात. सोल्ड म्हणजे सैनिकाचा पगार. प्रत्येक सैनिकाने ते सतत अंगावर बाळगायचं. तेच त्याचं ओळखपत्र. मुखपृष्ठावर गरुड आणि त्याच्या पंजात नाझी चिन्ह. आत मात्र सगळा संसारी मजकूर आहे. जन्मतारीख, गाव, धर्म, व्यवसाय, उंची, चेहऱ्याची ठेवण, केसांचा रंग, चष्मा आहे की नाही, बुटाचं माप, रक्तगट. पुढे कोणत्या लसी टोचल्या, कोणत्या इस्पितळात किती दिवस होता, कोणते कपडे मिळाले, रजा कधी घेतली. आणि एका पानावर जवळच्या माणसांचे पत्ते: बायकोचा, नाहीतर आईवडिलांचा, तेही नसतील तर नात्यातल्या कुणाचा किंवा वाग्दत्त वधूचा. काही झालंच तर कुणाला कळवायचं, त्यासाठी.

भाच्याकडच्या पुस्तकातला मुलगा १९२१ साली जन्मलेला, सुतारकाम करणारा. लग्न झालेलं नाही. पत्त्याच्या पानावर आईचं नाव आहे. मुलाचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याच्या घरचं कुणी आजही असू शकेल.

संग्राहक मंडळी या कागदांवरून बरंच काही ओळखतात. सोल्डबुख सैनिकाच्या खिशात असायचं, पण 'वेअरपास' नावाचं दुसरं पुस्तक त्याच्या तुकडीच्या कार्यालयात राहायचं आणि तो मेला की घरी पाठवलं जायचं. म्हणून एखाद्या घराच्या आवराआवरीत वेअरपास निघाला तर आधी त्यातली शेवटची नोंद बघायची. बहुधा त्या घरातला मुलगा परत आलेला नसतो.

गळ्यातला ओळखबिल्लाही असाच. जस्ताचा किंवा अॅल्युमिनियमचा लंबगोल पत्रा, मधोमध छिद्रांची ओळ. दोन्ही अर्ध्या भागांवर तेच अक्षर, तेच आकडे. सैनिक मेला की खालचा अर्धा मोडून कार्यालयाकडे पाठवायचा, वरचा मृतदेहासोबत राहू द्यायचा. त्यावर नाव नसतं. तुकडी, क्रमांक आणि रक्तगट, एवढंच. क्रमांकावरून नाव शोधायचं तर बर्लिनच्या नोंदींत जावं लागतं.

ही नोंद ठेवणारं कार्यालय १९३९ मध्ये युद्धाबरोबरच सुरू झालं. युद्ध संपल्यावरही त्याचं काम संपलं नाही, कारण लाखो घरं वाट बघत होती. २०१९ पासून ते जर्मन राष्ट्रीय अभिलेखागाराचा भाग आहे. तिथे १ कोटी ८० लाखांहून जास्त सैनिकांची कार्डं आहेत. इतिहासकार र्‍युडिगर ओव्हरमान्स यांनी या नोंदींचा नमुना तपासून जर्मन सैन्यातल्या मृतांचा आकडा सुमारे ५३ लाख असा मांडला. एवढ्या घरांत कधीतरी कुणीतरी दार उघडलं असेल आणि बाहेर टपालवाला उभा असेल.

सोन्याच्या बदल्यात लोखंड

जमवणाऱ्यांना सगळ्यात जास्त हाव 'आयर्न क्रॉस' या पदकाची. ते हिटलरने काढलेलं नाही. प्रशियाच्या राजाने १८१३ साली, नेपोलियनविरुद्धच्या लढाईत, ते सुरू केलं. मुद्दाम साध्या लोखंडाचं, भोवती चांदीची कड. त्याच वर्षी बायकांना आवाहन झालं की अंगावरचं सोनं लढाईसाठी द्या. त्या बदल्यात लोखंडी दागिना मिळायचा आणि 'लोखंडासाठी सोनं दिलं' हे अभिमानाने मिरवायचं. पहिल्या महायुद्धात पुन्हा तेच झालं. लग्नातल्या अंगठ्यासुद्धा गेल्या. मंगळसूत्र काढून द्या असं कुणी म्हटलं तर आपल्याला काय वाटेल, ते मनात आणून बघा.

नाझी राजवटीने तर आयांसाठीच पदक काढलं. १९३८ च्या डिसेंबरमध्ये 'मातृक्रॉस' जाहीर झाला. चार-पाच मुलं असतील तर कांस्य, सहा-सात असतील तर रौप्य, आठ किंवा जास्त असतील तर सुवर्ण. १९३९ च्या मे महिन्यात मातृदिनाला ते वाटायला सुरुवात झाली, आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला पोलंडवर हल्ला झाला. ज्यू बाईला हे पदक मिळणार नव्हतं, तिने कितीही मुलं वाढवली असली तरी. आज या पदकांना बाजारात भरपूर गिऱ्हाईक आहे. निळ्या मुलाम्याचा तो नाजूक क्रॉस मी फोटोत पाहिला तेव्हा मला तलवारीपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

शोध कुठे जातो

नाव आणि जन्मतारीख हाती असली की पहिला दरवाजा 'फोल्क्सबुंड' या संस्थेचा. १९१९ साली स्थापन झालेली ही संस्था परदेशांतली जर्मन युद्धस्मशानं सांभाळते. अजूनही पूर्व युरोपातल्या शेतांतून आणि जंगलांतून सांगाडे काढून, ओळख पटवून, नीट पुरते. तिच्या संकेतस्थळावर नाव टाकून कबर शोधता येते. भाच्याने सुताराचं नाव टाकलं आणि उत्तर आलं: इटली, फुटा खिंड. फ्लॉरेन्स आणि बोलोन्या यांच्यामधल्या डोंगरावर हे स्मशान आहे. ३० हजारांहून जास्त जर्मन सैनिक तिथे आहेत.

हे वाचून मी थांबले. १९४३ ते १९४५ या काळात इटलीत जर्मनांसमोर जे सैन्य होतं, त्यात आपल्या मराठा पलटणी होत्या. माणगावजवळचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात लढले. त्यांची तुकडी जवळजवळ सगळी पडली तेव्हा ते एकटे मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, मग गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्यांना मारलं, आणि लगेच दूरच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी स्वतः गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही. कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. अलीकडे, २०२३ च्या जुलैमध्ये, इटलीतल्या मोन्टोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक उभं केलं. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीच्या काठी लढले. जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांतून उचलून आणलं, मग मशीनगनचे मोर्चे बंद पाडले. ते जिवंत परतले.

घाडग्यांचं शौर्य आपण अभिमानाने सांगतो, सांगावंच. त्या मोर्च्यामागे बसलेल्यांचीही पुस्तकं होती. त्यांतही पत्त्याचं पान होतं. दोन्हीकडच्या आया एकमेकींच्या गावाचं नावही न ऐकता त्याच उन्हाळ्यात पत्राची वाट बघत होत्या.

पण तो माणूस कसा होता?

दया आली की प्रश्न विचारायचे राहून जातात. म्हणून भाच्याला मी म्हटलं, "त्याची आई कोण होती ते कळलं. आता त्याची तुकडी कुठे कुठे होती ते बघ."

कारण फुटा खिंडीपासून फार लांब नसलेल्या मार्झाबोत्तोच्या डोंगरवस्त्यांत २९ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर १९४४ या आठवड्यात जर्मन सैन्याने सुमारे ७७० माणसं मारली. त्यांत २०० हून जास्त मुलं होती. मुख्य हात एसएस तुकड्यांचा होता, पण साध्या सैन्याचे लोकही त्यात होते. इटलीतल्या इतिहासकारांनी अशा सगळ्या हत्याकांडांची सूची केली आहे. कोणत्या गावात, कोणत्या दिवशी, कोणती तुकडी, हे त्यात बघता येतं. भाच्याने सुताराची तुकडी त्यात शोधली. सापडली नाही. मी त्याला एवढंच म्हटलं की यादीत नाव नसणं म्हणजे निर्दोष असणं नव्हे. तिथून पुढे आपल्याला माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जर्मनीत या प्रश्नाने घराघरांत वाद झाले. १९९५ मध्ये हॅम्बुर्गच्या एका संशोधन संस्थेने साध्या सैन्याच्या गुन्ह्यांवर प्रदर्शन भरवलं. त्यात सैनिकांनी स्वतः काढलेले आणि पाकिटात जपून ठेवलेले फोटो होते. फाशी दिलेली माणसं, बाजूला उभे राहून बघणारे गणवेशातले लोक. चार वर्षांत ३३ शहरांत सुमारे ८ लाख लोकांनी ते पाहिलं. आपल्या आजोबांचा चेहरा दिसेल या भीतीने लोक फोटो निरखत होते. पुढे काही फोटोंखालचा मजकूर चुकीचा निघाला, त्यातले मृत दुसऱ्यांनीच मारलेले होते. प्रदर्शन थांबवून, तपासून, २००१ मध्ये नव्याने मांडलं गेलं. मूळ निष्कर्ष मात्र टिकला. संग्राहकाने यातून घ्यायचं ते असं: फोटो पुरावा असतो, पण कुठला, केव्हाचा, कुणाचा हे कळल्यावरच.

त्याच गणवेशात दुसरी माणसंही होती. विल्म होसेनफेल्ड हे हेसमधले शाळामास्तर. नाझी पक्षाचे सभासदही होते. वॉर्सामध्ये अधिकारी असताना त्यांनी लोकांना वाचवायला सुरुवात केली. १९४४ च्या शेवटी उद्ध्वस्त घरात लपलेल्या पियानोवादक श्पिलमानना भाकरी आणून दिली. 'द पियानिस्ट' या चित्रपटात ते आहेत. १९५२ मध्ये सोव्हिएत कैदेत ते वारले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते जगाला कळलं ते बायकोला लिहिलेल्या पत्रांतून आणि रोजनिशीतून. घरच्यांनी ती जपली म्हणून. व्हिएन्नाचे आन्टोन श्मिड विजेच्या सामानाचं दुकान चालवणारे. विल्नियसमध्ये त्यांनी ज्यू लोकांना लष्करी ट्रकमधून बाहेर पोचवलं. १३ एप्रिल १९४२ रोजी त्यांच्याच सैन्याने त्यांना गोळ्या घातल्या.

जर्मन सैनिकाच्या कमरपट्ट्याच्या बकलवर 'देव आमच्याबरोबर' असं कोरलेलं असे. मारणारा आणि वाचवणारा, दोघांच्या कमरेला तेच बकल. वस्तू हातात घेऊन माणूस कळत नाही. माणूस कळायला कागद लागतो, वेळ लागतो, आणि आपल्याला आवडणार नाही ते ऐकायची तयारी लागते.

ते चिन्ह

सासूबाईंचा दुसरा आक्षेप चिन्हाचा. आपल्याकडे नेहमी सांगतात की नाझींचं चिन्ह उलटं आहे, आपलं सुलटं. हे बरोबर नाही. हात त्याच दिशेला वळलेले आहेत. बहुतेक ठिकाणी ते फक्त तिरपं, एका टोकावर उभं केलेलं आहे. फरक दिशेचा नाही, अर्थाचा आहे. जर्मन भाषेत त्याला 'हाकेनक्रॉइत्स' म्हणजे आकड्यांचा क्रॉस म्हणतात. आपण पाटावर अक्षतांचा स्वस्तिक काढतो तेव्हा चार हात म्हणजे चार गती: देव, मनुष्य, तिर्यंच आणि नारकी. वर तीन पुंज रत्नत्रयाचे आणि त्यावर सिद्धशिलेची चंद्रकोर. या चार गतींतून मला सुटायचं आहे, अशी ती प्रार्थना. सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचं लांछनही स्वस्तिकच. त्यांच्या चिन्हात जिवांची प्रतवारी होती. आपल्यात कुठल्याही गतीतला जीव हा जीवच.

जर्मनीत ते चिन्ह जाहीरपणे दाखवणं गुन्हा आहे, शिक्षण आणि संशोधनाला सवलत आहे. म्हणून जुन्या बाजारात विक्रेते त्यावर कागदाची चिकटपट्टी लावतात. भाच्याने पट्टी काढली नाही. मला ते आवडलं.

मातीतून काढलेलं

या छंदाची एक बाजू वाचून मात्र माझा जीव कळवळला. पूर्वेकडच्या जुन्या रणांगणांवर धातू शोधणारी यंत्रं घेऊन लोक चोरून खणतात. बिल्ले, बकलं, पदकं काढतात आणि विकतात. हाडं तिथेच टाकून देतात. बिल्ला गेला की त्या हाडांना नाव मिळायचा शेवटचा मार्ग बंद होतो. ऐंशी वर्षं मातीत थांबलेला माणूस कायमचा बेवारस होतो, कारण कुणाच्या तरी काचेच्या कपाटात एक वस्तू वाढली.

समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, म्हणजे गरज नसताना घडणारं पाप. त्यातला एक हिंसादान: हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं. त्या यादीत तलवार आणि कुऱ्हाडीबरोबर कुदळही आहे. लहानपणी मला प्रश्न पडायचा, कुदळ कशाला? आता पडत नाही. दुसरा प्रकार अपध्यान, दुसऱ्याच्या वधबंधनाचं मनात चिंतन करत राहणं. तिसरा दुःश्रुती, मन कलुषित करणारं ऐकणं-वाचणं. रणगाड्यांच्या आणि शूर पलटणींच्या कथा रंगवून सांगत बसणारे संग्राहकही असतात, त्यांत बळी गेलेल्यांचा उल्लेखच नसतो. ती दुःश्रुतीच म्हणायची.

परिग्रहाबद्दल उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात बोट वस्तूवर नाही, मूर्च्छेवर ठेवलं आहे. 'हे माझं' ही गुंगी. तेव्हा प्रश्न पुस्तक घरात आहे का, एवढाच राहत नाही. ते कशासाठी आहे, हा राहतो.

माझं उत्तर

सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं आणि मग भाच्याला असं कळवलं.

संगीन, खंजीर, बंदूक, गोळ्या घ्यायच्या नाहीत, फुकट मिळाल्या तरी. मातीतून निघालेली कुठलीही वस्तू घ्यायची नाही. ओळखबिल्ला कुणी विकत असेल तर त्यावरचे आकडे टिपून फोल्क्सबुंडला आणि अभिलेखागाराला कळवायचे. चिन्हासाठी, किमतीसाठी किंवा दुर्मिळ म्हणून काही घ्यायचं नाही. कागद घेतला तर त्यातल्या माणसाचा शोध शेवटपर्यंत न्यायचा, निघेल ते चांगलं-वाईट दोन्ही लिहून ठेवायचं. भिंतीवर लावायचं नाही, देवघराच्या खोलीत ठेवायचं नाही. आणि शोध संपला की पुस्तक सोडून द्यायचं: घरचं कुणी भेटलं तर त्यांना, नाहीतर त्या गावाच्या अभिलेखागाराला. नववं लक्षण उत्तम आकिंचन्य आहे, ते इथेच पाळायला मिळतं.

त्याने अभिलेखागाराकडे अर्ज केला आहे, सुताराच्या गावच्या चर्चलाही पत्र लिहिलं आहे. उत्तरं यायची आहेत. तोपर्यंत पुस्तक एका साध्या पाकिटात आहे. सासूबाईंनी एकच भर घातली, "आईचं घर सापडलं तर टपालाने पाठवू नको म्हणावं. स्वतः जाऊन दे."

आता आपल्याकडचं. कोल्हापूर, सांगली, सातारा भागात कितीतरी घरांत पणजोबांचं इटली स्टार किंवा बर्मा स्टार तांदळाच्या डब्यामागे, जुन्या ट्रंकेत पडलेलं असेल. दिवाळीच्या आवराआवरीत ते निघालं तर मोडीत देऊ नका. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा: कोणती पलटण, कुठे होते, परत आले तेव्हा काय बोलले, काय कधीच बोलले नाहीत. एका वहीत लिहा. फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव घाला. आत्ता विचाराल तर सांगणारं कुणीतरी आहे.